चाहता असावं तर कुठल्या शहरात?

आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांनी मला विचारलं, की 'खेळाच्या चाहत्यांसाठी चांगली शहरं' हा काय व्याख्यानाचा विषय झाला? अशा याद्या दरवर्षी निघतात, लोक वाचतात, भांडतात आणि विसरतात. खरं आहे. पण यादी करताना आपण काय मोजतो आणि काय मोजायचं सोडून देतो हे बघितलं, तर विषय तितका हलका राहत नाही. सुरुवात एका कोड्याने करतो.

एक शहर आहे. लोकसंख्या सव्वाचार-साडेचार लाख, म्हणजे आपल्या अकोल्याएवढं समजा. १९७२ ते २०१८ या काळात या शहराच्या संघांनी देशातली सर्वोच्च विजेतेपदं जिंकली दहा. बेसबॉलची चार, अमेरिकन फुटबॉलची दोन, बास्केटबॉलची चार. अकोल्याएवढ्या गावात दहा वेळा जल्लोष, दहा वेळा गुलाल. चाहत्यांच्या सुखाच्या क्रमवारीत या शहराला कितवा नंबर द्याल?

आता उत्तर सांगतो. हे शहर म्हणजे कॅलिफोर्नियातलं ओकलंड. न्यूझीलंडचं ऑकलंड वेगळं, घोळ करू नका. २०१९ मध्ये तिथला बास्केटबॉलचा संघ, वॉरियर्स, खाडीपलीकडे सॅन फ्रान्सिस्कोला गेला. २०२० मध्ये फुटबॉलचा रेडर्स लास वेगासला गेला. तो त्याआधीही एकदा तेरा हंगाम लॉस एंजेलिसला राहून परत आला होता. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये बेसबॉलच्या ॲथलेटिक्सने ओकलंडमधला शेवटचा सामना खेळला. पाच वर्षांत तीन संघ गेले. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२३ मध्ये, चाहत्यांनी एक उलटा बहिष्कार केला होता. संघ तळाला, एरवी स्टेडियम रिकामं. तर ठरवून एका रात्री सत्तावीस हजारांच्या वर लोक आले आणि मालकाला ओरडून सांगत राहिले, की संघ विकून टाक, पण हलवू नकोस. उपयोग झाला नाही.

तर दहा विजेतेपदं, आणि आज या मोठ्या लीगांपैकी एकाही लीगचा संघ नाही. गुण किती द्यायचे, ते जरा बाजूला ठेवू.

मी अमेरिकेचीच उदाहरणं का घेतोय? कारण तिथे हा हिशोब मांडता येतो. चार मोठ्या लीगा आहेत: अमेरिकन फुटबॉल, बेसबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकी. प्रत्येकीत तीस ते बत्तीस संघ, बहुतेकांच्या नावात शहर किंवा राज्य. खालच्या श्रेणीत घसरगुंडी नाही. तळाच्या संघांना नवे खेळाडू निवडताना झुकतं माप. फुटबॉलमध्ये टीव्ही हक्कांचे राष्ट्रीय पैसे सगळ्या संघांना सारखे वाटले जातात. म्हणजे व्यवस्थाच अशी, की प्रत्येकाची पाळी कधीतरी यावी. मग एका संघाच्या चाहत्याचा न्याय्य वाटा किती? साधारण एकतीस वर्षांत एक विजेतेपद. शहरात चारही खेळांचे संघ असतील, तर आठ वर्षांत एक. ही झाली आपली फूटपट्टी.

आता बॉस्टन लावून बघा. फेब्रुवारी २००२ ते फेब्रुवारी २०१९ या सतरा वर्षांत त्यांचा न्याय्य वाटा होता दोन, फार तर सव्वादोन. मिळाली किती? बारा. पेट्रियट्सची सहा, रेड सॉक्सची चार, सेल्टिक्स आणि ब्रुइन्सचं एकेक. त्या काळात बॉस्टनमध्ये वाढलेल्या मुलाला वाटत असणार, की शाळेला सुट्टी लागते तशी दर दीड वर्षाने विजयाची मिरवणूक निघते.

उलट टोकाला फिलाडेल्फिया. १९८३ मध्ये बास्केटबॉलचं विजेतेपद, त्यानंतर थेट २००८ मध्ये बेसबॉलचं. मधे पंचवीस वर्षं, चार संघ, म्हणजे शंभर हंगाम कोरडे. लोकांनी याचं कारणही शोधलं होतं. शहराचा संस्थापक विल्यम पेन, त्याचा पुतळा सिटी हॉलच्या माथ्यावर. त्याच्या हॅटपेक्षा उंच इमारत बांधायची नाही असा तिथला अलिखित संकेत. १९८७ मध्ये तो मोडला गेला आणि म्हणे शाप लागला. २००७ मध्ये त्याहून उंच नवी इमारत झाली, तेव्हा कामगारांनी तिच्या सगळ्यात वरच्या तुळईवर पेनचा छोटासा पुतळा बसवला. पुढच्याच वर्षी विजेतेपद! आता गणित काय सांगतं? शंभर हंगामांत एकही विजय न मिळण्याची शक्यता ढोबळमानाने शंभरात तीन. कमी वाटते ना? पण चारही लीगांचे संघ असलेली शहरं आजच्या घडीला बाराएक आहेत. त्यांतल्या कुणा एकावर पाव शतकात ही वेळ यायची शक्यता तीनात एकाच्या आसपास जाते. म्हणजे शापबिप काही नाही, कुणाच्या तरी वाट्याला ते येणारच होतं. अर्थात तुळईवर पुतळा ठेवणाऱ्या माणसाला हे गणित सांगायला मी जाणार नाही.

या फूटपट्टीत एक खोट मात्र आहे, आणि ती न्यूयॉर्कमध्ये लगेच दिसते. तिथे प्रत्येक खेळाचे किमान दोन संघ. शहराच्या खात्यावर विजेतेपदं भरपूर. पण माणूस काही शहराचा चाहता नसतो, तो संघाचा चाहता असतो. न्यू जर्सीत एडिसनच्या बाजूला आपली मराठी मंडळी बरीच आहेत. तिथल्या एकाच इमारतीतले दोन शेजारी घ्या. एक यँकीज आणि जायंट्सचा, दुसरा मेट्स आणि जेट्सचा. (जायंट्स आणि जेट्स दोघंही नाव न्यूयॉर्कचं लावतात आणि खेळतात न्यू जर्सीत, तो भाग वेगळा.) १९८७ च्या जानेवारीपासून २०१२ च्या फेब्रुवारीपर्यंत पहिल्या शेजाऱ्याला मिळाली नऊ विजेतेपदं. दुसऱ्याला शून्य. एकच जिना, एकच पार्किंग! म्हणून शहराची क्रमवारी लावताना हिशोब चाहत्यामागे करायला हवा, शहरामागे नव्हे. बहुतेक याद्या इथेच चुकतात.

दुसरी खोट मिनियापोलिसमध्ये. तिथे चारही लीगांचे संघ, आणि १९९१ च्या बेसबॉलनंतर २०२५ संपेपर्यंत एकही विजेतेपद नाही. सगळ्या याद्यांत हे शहर दुःखी म्हणून नोंदलेलं. पण त्याच शहरातल्या लिंक्स या महिला बास्केटबॉल संघाने २०११, २०१३, २०१५ आणि २०१७ अशी चार विजेतेपदं जिंकली. ती स्टेडियमात झाली, मिरवणुकांत झाली. यादीवाल्यांच्या रकान्यात झाली नाहीत. रकाना आखणाऱ्याने शहर दुःखी ठरवलं. जाता जाता, लेकर्स हे नाव लॉस एंजेलिसचं वाटतं ना? तो संघ मुळात मिनियापोलिसचा. मिनेसोटात हजारो तळी आहेत, त्यावरून लेकर्स. १९६० मध्ये संघ गेला, जाताना तळीही घेऊन गेला.

इथपर्यंत आपण विजेतेपदं मोजली. पण विजेतेपद वर्षातून एकदा. सामने मात्र सतत. तेव्हा रोजचा हिशोब काय? ससेक्स विद्यापीठातल्या पीटर डोल्टन आणि जॉर्ज मॅकेरॉन या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या फुटबॉल चाहत्यांचा अभ्यास मांडला. हजारो लोकांच्या मोबाइलवर एक ॲप होतं, ते अधूनमधून विचारायचं, आत्ता किती आनंदात आहात? त्यावरून दिसलं, की संघ जिंकल्यावर आनंद जितका वाढतो, त्याच्या साधारण दुप्पट तो हरल्यावर घटतो.

आता हे पैशासारखं मांडून बघा. जिंकलं तर एक रुपया मिळतो, हरलं तर दोन जातात. निम्मे सामने जिंकणाऱ्या संघाचा चाहता दर सामन्याला आठ आणे गमावतोय. बरोबरीत यायचं तर तीनात दोन सामने जिंकायला हवेत. बेसबॉलच्या हंगामात प्रत्येक संघ १६२ सामने खेळतो. म्हणजे १०८ विजय. २०१८ मध्ये बॉस्टनच्या रेड सॉक्सने किती जिंकले? बरोब्बर १०८. पुढे विजेतेही झाले. म्हणजे नेहमीच्या हंगामापुरतं बोलायचं तर त्या वर्षीच्या अजिंक्य संघाचा चाहता जेमतेम बरोबरीत सुटला! ब्रिटिश फुटबॉलचा आकडा अमेरिकन बेसबॉलला असा थेट चिकटवता येत नाही, हे मान्य. पण दिशा लक्षात घ्या. नुसत्या हार-जितीवर हिशोब केला तर जगातल्या जवळजवळ प्रत्येक शहराचा चाहता तोट्यात आहे.

आणि तोटा फक्त त्याच्याच खिशातून जात नाही. हा भाग मला आज मुद्दाम सांगायचा आहे. डेव्हिड कार्ड आणि गॉर्डन डाल या अर्थशास्त्रज्ञांचा २०११ मधला एक शोधनिबंध आहे. यातल्या कार्ड यांना २०२१ मध्ये, इतर कामासाठी, नोबेल मिळालं. त्यांनी अमेरिकन फुटबॉलचे रविवारचे निकाल आणि पोलिसांकडच्या कौटुंबिक हिंसाचाराच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवल्या. सट्टेबाजांच्या भावावरून सामन्याआधी कुणाचं पारडं जड होतं ते कळतं. ज्या रविवारी गावचा संघ जिंकणार अशी चांगली खात्री होती आणि तो हरला, त्या दिवशी पुरुषांनी घरात बायकोवर किंवा मैत्रिणीवर हात उचलण्याच्या नोंदी सुमारे दहा टक्क्यांनी वाढल्या. तेही सामना संपतानाच्या आणि त्यानंतरच्या थोड्या वेळात. अटीतटीच्या सामन्यातली हार असेल तर असं दिसलं नाही. आणि अनपेक्षित विजय मिळाला म्हणून हिंसा कमी झाली, असंही दिसलं नाही.

जरा थांबून विचार करा. आपण याद्यांमध्ये 'सर्वांत कडवे चाहते असलेलं शहर' म्हणून गुण वाढवून देतो. तो कडवेपणा मोजताना कुणाला विचारतो? स्टेडियमातल्या माणसाला. तो घरी गेल्यावर दार उघडणाऱ्या बाईला विचारत नाही. माझ्या यादीत तिच्यासाठी एक रकाना आहे. तो कसा भरायचा ते अजून मला नीट जमलेलं नाही. पण तो कोरा सोडून यादी पूर्ण झाली असं मी म्हणणार नाही. आणखी एक गोष्ट. धक्का हरण्याचा नाही, हरणार नाही असं धरून चालल्यानंतर हरण्याचा आहे. म्हणजे सतत जिंकणाऱ्या शहराला हा रकाना जास्त महाग पडू शकतो.

मग माणसं या तोट्याच्या धंद्यात राहतात कशाला? मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये एक मजेदार निरीक्षण नोंदवलं. विद्यापीठाचा संघ शनिवारी जिंकला, की सोमवारी विद्यापीठाचे कपडे घातलेले विद्यार्थी जास्त दिसतात. आणि बोलताना जिंकलो तर 'आपण' जिंकलो, हरलो तर 'ते' हरले! आपल्याकडेही हेच चालतं. 'आपण मॅच काढली' आणि 'त्यांनी मॅच घालवली', दोन्ही वाक्यं एकाच तोंडून, एकाच आठवड्यात.

म्हणून माझा मुख्य प्रश्न हा, की हरल्यावरही 'आपण' म्हणणारी शहरं कोणती? माझ्या मते बफेलो. न्यूयॉर्क राज्यातलं, कडाक्याच्या बर्फातलं हे शहर. त्यांचा बिल्स संघ जानेवारी १९९१ पासून लागोपाठ चार सुपर बोल, म्हणजे चार अंतिम सामने, हरला. पहिला तर अवघ्या एका गुणाने. शेवटच्या क्षणी स्कॉट नॉरवुड नावाच्या खेळाडूची ४७ यार्डांवरची किक खांबाच्या उजवीकडून बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी शहराच्या चौकात हजारो माणसं जमली. कशाला? तर नॉरवुडच्या नावाचा पुकारा करायला. तो मागे कुठेतरी उभा होता. तो पुढे येऊन बोलेपर्यंत गर्दी थांबली नाही. दगड नाही, पुतळा जाळणं नाही. विजेतेपदाच्या रकान्यात बफेलोचा आकडा वाईट आहे. पण त्या दिवशी त्या चौकात उभ्या असलेल्या माणसाला जे मिळालं, ते मोजायला आपल्याकडे एकक नाही, म्हणून ते नव्हतंच असं कसं म्हणायचं?

आता पुन्हा ओकलंडकडे. तिथल्या चाहत्यांचं दुःख हरण्याचं नव्हतं, ते दहा वेळा जिंकले होते. दुःख हे, की ज्याला आपण 'आपला' म्हणत होतो तो आपला नव्हताच; तो मालकाचा होता, आणि मालक ट्रक बोलावू शकतो. हे शब्दशः घडलेलं आहे. मार्च १९८४ मध्ये बाल्टिमोरचा कोल्ट्स हा फुटबॉल संघ रातोरात ट्रकांमध्ये सामान भरून इंडियानापोलिसला गेला. शहर सकाळी उठलं तर संघ नाही. पण त्या संघाचा एक बँड होता, स्वयंसेवकांचा. तो गेला नाही. संघ नसताना बारा वर्षं तो बँड वाजवत राहिला, इतर शहरांच्या सामन्यांना, मिरवणुकांना. १९९६ मध्ये बाल्टिमोरला नवा संघ आला. कुठून? क्लीव्हलंडचा संघ त्यांच्या मालकाने उचलून आणला म्हणून. बाल्टिमोरची जखम भरली ती क्लीव्हलंडला जखम करून; आणि त्या नव्या संघाने जानेवारी २००१ मध्ये सुपर बोल जिंकलासुद्धा. क्लीव्हलंडने निदान भांडून संघाचं नाव, रंग आणि जुने विक्रम शहराकडे ठेवून घेतले, आणि १९९९ मध्ये त्याच नावाने संघ पुन्हा उभा राहिला.

या सगळ्यात एक शहर असं आहे, जिथून संघ कुणी हलवू शकत नाही. विस्कॉन्सिनमधलं ग्रीन बे. वस्ती लाखभराच्या थोडी वर, म्हणजे तालुक्याचं मोठं गाव. तिथला पॅकर्स हा संघ १९२३ पासून ना-नफा कंपनी आहे. भागधारक पाच लाखांच्या वर. हा शेअर विकता येत नाही, त्यावर लाभांश नाही, बाजारात किंमत नाही. मिळतो तो एक कागद आणि मतदानाचा हक्क. आपल्या सहकारी साखर कारखान्याच्या सभासदाला यातलं बरंच ओळखीचं वाटेल; फरक इतकाच, की इथे साखरसुद्धा मिळत नाही. आजच्या लीगच्या नियमात असा नवा संघ काढता येत नाही, पॅकर्स जुने म्हणून त्यांना सूट. विजेतेपदं तेरा. हंगामाच्या तिकिटांची प्रतीक्षायादी गावाच्या लोकसंख्येपेक्षा मोठी. मूल जन्मल्यावर त्याचं नाव यादीत घालणारे पालक तिथे आहेत. टीव्हीच्या पैशाची समान वाटणी नसती, तर एवढंसं गाव न्यूयॉर्कसमोर टिकलं नसतं, हेही लक्षात ठेवा. नुसत्या प्रेमावर संघ चालत नाही.

तर माझी यादी. पहिला ग्रीन बे, यात मला शंका नाही. दुसरं बफेलो, यावर तुम्ही भांडाल. तिसरं बॉस्टन, बारा विजेतेपदं मी नाकारू शकत नाही, पण सवय लागल्यावर चव कमी होते म्हणून तिसरं. न्यूयॉर्कला क्रमांक नाही, शेजारी बघून ठरवा. शेवटचं ओकलंड, चाहते कमी पडले म्हणून नाही, त्यांच्या हातात काहीच नव्हतं म्हणून.

प्रश्न घेऊ या.

मुंबई कुठे बसते, असं विचारलंय. रणजी करंडक घ्या. मुंबईची विजेतेपदं ४२, त्यात १९५८-५९ ते १९७२-७३ सलग पंधरा. विजेतेपदाच्या रकान्यात बॉस्टन पाणी भरेल. पण रणजी सामन्याला वानखेडेवर जाऊन बसा, प्रवेश सहसा मोफत असतो, आणि पाय पसरायला अख्खी रांग मिळते. नागपूरकरांचं उलट. विदर्भ दशकानुदशकं रणजी खेळत होता, पहिलं विजेतेपद आलं १ जानेवारी २०१८ ला. तो एक करंडक आणि मुंबईचा बेचाळिसावा यांत कुणाला जास्त मिळालं, ते इथले नागपूरकर सांगतील. हो, आणि कोल्हापूर. शाहू स्टेडियमवर तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने असतात तेव्हा जागा मिळत नाही. पेठेचा संघ पेठेतून कोण हलवणार? माझ्या यादीत कोल्हापूर मुंबईच्या वर आहे.

शेवटचा प्रश्न ऑनलाइन आलाय, कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटहून. मुलगा ॲथलेटिक्सचा चाहता होता, आता त्याने कोणता संघ धरावा? ताई, पुष्कळ लोक म्हणतील सॅन फ्रान्सिस्कोचा धरा, ट्रेनने जाता येतं. मी वेगळं सुचवतो. २०२४ पासून ओकलंडमध्येच बॉलर्स नावाचा बेसबॉल संघ आहे. मोठ्या लीगचा नाही, पायोनियर लीग नावाच्या छोट्या स्वतंत्र लीगचा. वेस्ट ओकलंडच्या रायमंडी पार्कमध्ये खेळतात. त्यांनी चाहत्यांना संघात हिस्सा विकत घेऊ दिला, आणि दुसऱ्याच हंगामात, २०२५ मध्ये, त्यांनी त्या लीगचं विजेतेपद जिंकलं. मैदान छोटं आहे, खेळाडू जवळून दिसतात. एकदा घेऊन जा त्याला.